पाळीवरची पोर लंडनात

हे मी आडवी पडून लिहिते आहे. कमरेखाली गरम पाण्याची पिशवी, उशाशी पाण्याची बाटली, पायांत दोन-दोन मोजे. खिडकीबाहेर लंडन नावाचं शहर आहे असं म्हणतात. मी आल्यापासून त्यातलं निम्मं दवाखान्याच्या खिडकीतूनच पाहिलं.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ज्या पोरापोरींना सिकलसेल आहे आणि तरीही परदेशी शिकायला जायचं खूळ ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. आजाराची शास्त्रीय माहिती सरकारी पत्रकात असते, ती तिथे वाचा. धीर देणारं काहीतरी लिही, असं मला एका मैत्रिणीनं सांगितलं. ते जमेल की नाही माहीत नाही, कारण मी दमलेली आहे. पण खोटं लिहिणार नाही.

बोटातला थेंब

सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव. आम्ही ढिवर. गावच्या तलावात मासे धरायचे, शिंगाडे लावायचे, धानाच्या दोन बांध्या करायच्या आणि उरलेल्या दिवसांत मजुरी. मी सहावीत आणि दादा आठवीत असताना शाळेत दवाखान्याची माणसं आली आणि सगळ्यांच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेऊन गेली. पुढे बाबांना बोलावणं आलं.

आमची हाडं दुखायची, डोळे पिवळे व्हायचे, दर थंडीत आम्ही दोघंही अंथरूण धरायचो. माय त्याला नजर लागली म्हणायची आणि मोहाच्या बियांचं तेल चोळायची. त्या दिवशी या सगळ्याला नाव मिळालं. माय-बाबांच्या रक्तात ते अर्धं-अर्धं होतं, आम्हा दोघांत पुरं उतरलं.

डॉक्टर म्हणाले, "गोळी आहे. रोज घ्यायची. जन्मभर."

बाबांनी विचारलं, "जनमभर म्हंजे किती, डॉक्टर साहेब?"

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. मला त्यांचा राग नाही. त्यांच्याकडे तरी कुठे उत्तर होतं!

दादाचा जीव पाण्यात. गोळ्या घेऊन तो बरा राहायला लागला तसा पुन्हा तलावात उतरायला लागला. दहावीत असताना पौषातल्या एका पहाटे बाबांनी त्याला जाळ्यासाठी हाक मारली, एक हात कमी पडत होता म्हणून. तो छातीभर पाण्यात उभा राहिला. दोन दिवसांनी छातीत दुखायला लागलं. चंद्रपूरला नेलं. तिथेच तो गेला.

तेव्हापासून बाबांनी मला तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या खाली, उतरू दिलं नाही. "पाळीच्या खाली पाय टाकला तं तंगडं तोडीन," असं म्हणायचे, आणि त्यांनी आयुष्यात माझ्या पाठीवर चापट मारलेली नाही. शिंगाड्याच्या दिवसांत सगळं घर पाण्यात, मी पाळीवर बसून शिंगाडे निवडणार. गावातली पोरं मला पाळीवरची मालकीण म्हणायची. ढिवराच्या घरात जन्मून मला आजही पोहता येत नाही.

आणखी एक झालं. माझ्याबद्दल बोलताना घरात कुणी पुढच्या वर्षाच्या पलीकडे जायचं नाही. शेजारच्या मुलींची लग्नं, पोरंबाळं, सगळं ठरवलं जायचं. माझं काही ठरायचं नाही. एका अर्थी बरंच झालं, मला शिकू दिलं.

खोली

तलावांचाच अभ्यास करायला मी लंडनला आले. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा गावात बँड वाजला आणि माय चुलीपाशी बसून रडली. निघताना तिनं कानात सांगितलं, "तिथी कोनाले सांगजो नोको. आजारी पोरीले कोन ठेवते?" मी नाही सांगितलं. दवाखान्यात नाव नोंदवायचं तेही उद्यावर टाकत राहिले. गोळ्या बरोबर आणल्या होत्या, तेवढ्यावर भागेल असं वाटलं.

नव्या शहरात बस्तान बसवणं म्हणजे काय, तर जिने. भुयारी रेल्वेचे जिने, विद्यापीठातल्या आमच्या विभागाचे जिने, आमच्या घराचे तर इतके अरुंद की पेटी वर न्यायची तर आधी पेटी जाते, मग माणूस. एका घरात चार खोल्या, चार मुली, एक स्वयंपाकघर. शेजारच्या खोलीत इरिनी, ग्रीसची, मोठ्या आवाजाची आणि मोठ्या मनाची. पहिल्याच आठवड्यात मी सुके झिंगे भाजले आणि धुराची घंटा वाजून अख्खी इमारत रस्त्यावर आली. इरिनीनं मात्र दोन झिंगे तोंडात टाकून, आमच्या बेटावर पण असाच वास येतो, असं सांगितलं.

बाकी सगळे चालत होते. सगळे भराभर चालत होते आणि मी मागे. दिवस रोज लहान होत होता. घरमालक हीटर ठरलेल्या वेळीच लावायचा, आणि माझी हाडं काही त्याच्या वेळेला बांधलेली नव्हती. संध्याकाळी घरी बोलताना मी हसून सांगायची, सगळं छान आहे. फोन ठेवला की कोट न काढता पलंगावर पडायची. मी मैत्रिणी का करत नाही, असं इरिनी विचारायची. मैत्रिणी करायला पण अंगात रक्त लागतं, हे तिला कसं सांगणार?

चपला काढून

ऑक्टोबर संपताना आमच्या वर्गाची सहल गेली, शहराबाहेरच्या एका तलावावर. पाण्याचे नमुने घ्यायचे होते. ऊन पडलं होतं. पाणी निळं, काठाला लव्हाळे, वर एक बगळा. मी गाडीतून उतरले आणि नजरेनं आधी पाळ शोधली. इतक्या दिवसांत या शहरात ओळखीचं असं हे पहिलंच दिसत होतं.

सरांनी प्रत्येकाला मांड्यांपर्यंतचे रबरी बूट दिले. मी ते घातले, काठापर्यंत गेले आणि थांबले. आमच्याकडे तलावात पायताण घालून कुणी उतरत नाही. आधी चपला काढायच्या, वाकून ओंजळभर पाणी घ्यायचं, कपाळाला लावायचं, मग पाय टाकायचा. तलाव पोट भरतो, त्याच्या अंगावर चपलेनं कोण चढेल? हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पाळीवर बसून शेकडो वेळा पाहिलेलं होतं. मी बूट काढले, मोजे काढले, पाणी कपाळाला लावलं आणि गुडघाभर पाण्यात उतरले.

थंड पाण्यानं काय होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्याइतकं ते कुणाला माहीत असणार? पण त्या क्षणी वर पाळीवर ओरडणारं कुणी नव्हतं. पायांच्या बोटांत चिखल आला, मऊ, आणि मला रडूच कोसळलं. दादाला हेच मिळत होतं तर! सर लांबून ओरडले तेव्हा मी भानावर आले. बाहेर येऊन त्यांना सांगितलं, आमच्याकडची रीत आहे. ते बिचारे माझे मोजे शोधून घेऊन आले.

परतीच्या गाडीत हुडहुडी भरली. सकाळपर्यंत नडग्यांत, कमरेत, पाठीत कुणीतरी सुतार बसला होता.

इरिनीनं दार उघडून मला पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सवयीनं सांगितलं, "मलेरिया."

आता हे समजून घ्या. आमच्या भागात मलेरिया कुणाला होत नाही? सिकलसेल लपवायचा असेल तर मलेरिया म्हणायचं. पुढे कुणी विचारत नाही, उलट कडू गोळीचा सल्ला देऊन निघून जातात. शाळेत, बसमध्ये, सोयऱ्यांकडे, सगळीकडे मी तेच सांगत आले होते. आमच्याकडे मलेरिया म्हटलं की विषय संपतो. लंडनमध्ये तिथूनच सुरू होतो! इरिनी किंचाळली. रुग्णवाहिका आली. दवाखान्यात मला एका बाजूच्या खोलीत ठेवलं आणि एकामागून एक डॉक्टर येऊन विचारू लागले, कुठल्या जंगलातून आलात, कुठला डास, कधी चावला. एकानं तर विद्यार्थी बोलावून आणले. मला ताडोबाच्या वाघासारखं वाटायला लागलं, सगळे वाकून बघताहेत आणि कुणाला खरं काय ते माहीत नाही.

शेवटी रक्त काचेखाली गेलं आणि माझं बिंग फुटलं. एक डॉक्टरीणबाई येऊन खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं ना?" मी मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा परक्या माणसासमोर हलवली. त्यांना वाटलं मी दुखण्यानं रडते आहे.

दहापैकी किती

दवाखान्याचा दिवस असा. पहाटे रक्त काढणारी येते. मग रक्तदाब. मग दुधात भिजवलेलं काहीतरी पांढरं, ज्याला ते नाश्ता म्हणतात. मग डॉक्टरांचा घोळका. आणि दर थोड्या वेळानं परिचारिका येऊन विचारते, "दुखणं दहापैकी किती?"

मी म्हणायची, चार.

का म्हणायची? आमच्याकडे दुखण्याला आकडा नसतो. माय विचारायची, "दुखून राह्यलं का वं?" आपण म्हणायचं, "थोडंसं." कितीही असो, थोडंसं. लय म्हटलं तर मायचा चेहरा पाहवत नाही. त्यात परक्या देशात पाहुणी म्हणून आलेली, उगाच आकांत कशाला? तेव्हा मी चार म्हणायची, ते चारची गोळी द्यायचे, आणि मी उशी दातांत धरून बसायची.

शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "ए पोरी, खोटं कशाला बोलतेस?"

ती एस्थर. मूळची घानाची, आफ्रिकेतली, पण हयात लंडनमध्ये गेलेली. डोक्याला पिवळा रुमाल, नाकावर चष्मा, मांडीवर विणकाम. ती परिचारिकेला म्हणाली, "ही चार म्हणते तेव्हा आठ लिहा. मी तिच्याकडे सकाळपासून बघते आहे." मग माझ्याकडे वळून, "इथे शूर होण्याबद्दल बक्षीस नाही. आकडा खरा सांगायचा."

त्या दिवशी मी पहिल्यांदा नऊ म्हटलं. शिरेतून औषध दिलं. अंगातला सुतार अवजारं गोळा करून निघून गेला आणि मी झोपले. सुख म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी त्या झोपेकडे बोट दाखवीन.

पण दुसऱ्या दिवशी छाती भरली. श्वास घेतला की बरगड्यांत सुरी. नाकावर ऑक्सिजन लागला, रक्त चढवलं, घोळका मोठा झाला आणि आवाज बारीक. दादाचं असंच झालं होतं. छातीच. मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी खूप घाबरले. मरणाला तर घाबरलेच, पण त्याहून जास्त या गोष्टीला की बाबांना हे दुसऱ्यांदा कळेल आणि पुन्हा पाणीच कारण असेल.

शेजारची खाट

छाती हळूहळू मोकळी झाली. किती दिवस लागले ते मी मोजले नाहीत. एस्थर रोज काहीतरी बोलायची. तिच्या मुलीचं लग्न, तिच्या हिशेबनिसाच्या नोकरीतले साहेब, चर्चमधल्या बायकांची भांडणं. मला वाटलं, हिला पोटाचं काही असेल.

एकदा तिच्या खाटेपाशी तेच रक्त लटकलेलं दिसलं, तशीच पिशवी. मी विचारलं, तुम्हाला काय झालं आहे?

"तुला आहे तेच," ती म्हणाली. "तुझ्यासारखंच, जन्मापासून."

मी तिच्याकडे बघतच राहिले. आमच्या भागात मी हा आजार असलेली पुष्कळ पोरं पाहिली होती. तरणी माणसं पाहिली होती, थोडी. चष्मा लावून, पिकल्या केसांना रुमाल बांधून, जावयाची उणीदुणी काढणारं सिकलसेलचं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं. असू शकतं हेच मला ठाऊक नव्हतं.

"तुमचं वय काय?" मी विचारलं. हे विचारू नये, पण विचारलं.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली आणि विणकामाचा टाका मोजत बसली.

मी उशीत तोंड घातलं. परिचारिका धावत आली. दहापैकी किती, म्हणून विचारायला लागली.

ये आणि ये

घरी सांगावंच लागलं. इरिनीनं फोन धरला, मी बोलले. तलावात उतरले हेही सांगितलं. माय मोठ्यानं रडली. "ये तू घरी. पुरे झालं शिक्षण. मरणाच्या थंडीत कायले राह्यतं? इथी मी हावो न." विभागानं कळवलं होतं की हवं तर मी रजा घेऊन मायदेशी जाऊ शकते, अभ्यास पुढच्या वर्षी पुरा करता येईल. पण आमच्या घरात पुढचं वर्ष ही काय चीज आहे, हे त्यांना कसं कळणार? एकदा गेले की पुन्हा निघणं नाही, हे मला ठाऊक होतं आणि मायलाही.

आणि खरं सांगू? मला जायचं होतं. दवाखान्यातून सुटी मिळून मी खोलीवर आले होते, पण जिना चढताना मध्येच बसत होते. अभ्यासाचं पान वाचून होईपर्यंत वरचं विसरत होते. थंडी अजून पुरती यायची होती. मला मायच्या हातचं तेल हवं होतं, गरम भात आणि झिंग्यांचा रस्सा हवा होता. मला पाळीवर बसायचं होतं. फक्त बाबांनी एकदा म्हणायला हवं होतं. मायचं ये म्हणणं रोजचं असतं, बाबांचा शब्द वेगळा. त्यांनी ये म्हटलं असतं तर मी त्याच दिवशी निघाले असते, आणि हरले असं कुणी म्हटलं नसतं.

बाबा फोनवर येतच नव्हते. माय म्हणायची, "बसले हायेत तलावावर. जेवत बी नाई धड. दोष लावून घेऊन राह्यले सोताले. म्हन्ते, मीच हिले पाणी दाखोलो नाई म्हनून हे झालं."

बाबा

पुढच्या तपासणीला दवाखान्यात गेले तर एस्थर बाहेरच्या खुर्चीत बसलेली, रक्त बदलून घ्यायला आलेली. मी तिच्याजवळ बसले. तेवढ्यात घरून व्हिडिओ कॉल आला. घेतला तर समोर बाबा. मागे संध्याकाळचा तलाव. दाढी वाढलेली.

"कशी हायेस, बाई?"

"बरी आहे, बाबा."

"बरी नाईस," ते म्हणाले. मी वाट बघत होते. त्यांच्या ओठांवर ते आलं होतं, मला दिसत होतं. ते म्हणाले, "तुही माय म्हन्ते…" आणि त्यांची नजर माझ्या शेजारी गेली. "थे बाजूची बाई कोन?"

मी सांगितलं. हिला माझाच आजार आहे, बाबा. जन्मापासून.

"आपलाच?"

"आपलाच."

"किती उमर हाये तिची?"

"अठ्ठावन्न."

बाबांनी फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. मला नुसतं कपाळ आणि भुवया दिसत होत्या. "दाखव मले नीट," ते म्हणाले. मी फोन एस्थरकडे वळवला. तिनं हात हलवला, आजारी माणसाला भेटायला आलेल्यांसमोर हलवतात तसा नाही, चांगला लग्नघरात हलवतात तसा. बाबा बघत राहिले. दवाखान्यात त्या डॉक्टरांसमोर त्यांनी विचारलं होतं, जनमभर म्हंजे किती. उत्तर पिवळा रुमाल बांधून समोर बसलं होतं.

"तिले इचार," बाबा म्हणाले, "तिले इचार, थंडीत का करते?"

मी विचारलं. एस्थर म्हणाली, "दोन मोजे घालते, दिवसभर पाणी पिते, दमले की कुठेही बसते आणि कुणाची लाज बाळगत नाही. आणि दुखलं तर खरा आकडा सांगते." मी ते शब्दन् शब्द बाबांना सांगितलं. ते मान हलवत होते, पाठ करत असल्यासारखे.

मग त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं.

"तू तिथीच राय, बाई. तुह्या मायले मी सांगतो. पाळीवर बसून पोरगी जगत नाई. आता मले येऊ का म्हनून इचारू नोको." आणि पुढे म्हणाले, "पहिले तिच्याएवढी म्हातारी होऊन दाखव मले."

मला जायचं होतं, हे वर लिहिलंच आहे. अजूनही कधीकधी वाटतं. पण माझ्याबद्दल इतक्या लांबचं आमच्या घरात कुणी पहिल्यांदाच बोललं होतं.

एस्थरनं विचारलं, काय म्हणाले वडील? मी सांगितलं. ती हसून हसून खोकली. "म्हातारी? त्यांना सांग, मी अजून वीस वर्षं कुठे जात नाही. तेव्हा तुला घाई नाही."

मी सांगितलं. बाबांनी विचारलं, "वीस? वीस म्हनली का थे?"

हो, वीस.

त्यांनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि मग मागे वळून मायला हाक मारली.